हवा भरली, पण वायर पाहिली का?

मृग नक्षत्र जवळ आलं की आपल्या भागात दोन कामांची एकदम घाई उडते. शेतकरी बी-बियाण्यांच्या मागे लागतो आणि कचेऱ्यांमधून पूरनियंत्रणाच्या बैठका सुरू होतात. मग एके दिवशी पेपरात फोटो येतो. घाटावर रबरी बोट पाण्यात उतरवलेली आहे, चार-दोन अधिकारी काठावर उभे आहेत, आणि खाली ओळ असते, 'बोटींची चाचणी पूर्ण'. बोट तरंगली, इंजिन एकदा फुरफुरलं की चाचणी झाली, असा आपल्या सगळ्यांचाच समज आहे. बोटीत हवा किती भरली हे सगळे पाहतात. तिच्या पोटातून गेलेली वायर मात्र कोणी पाहत नाही.

वाचकहो, आजचा विषय जरा वेगळा आहे. मी भूगोलाचा एम.ए., विजेच्या कामाशी माझा संबंध घरातला फ्यूज बदलण्यापुरता. 'सरांनी आता वायरमनचं काम सुरू केलं की काय?' असं कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर ज्यांनी कृष्णाकाठी पाहिले त्यांना हा विषय परका वाटू नये. आपल्याकडे मराठीत होडी म्हणतात, कन्नडमध्ये दोणी म्हणतात. मराठीत तार, कन्नडमध्ये तंती. पण पूर आला की दोन्ही भाषांतली माणसं 'बोट' आणि 'वायर' हेच शब्द बोलतात. संकटाला भाषेची सीमा नसते, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक!

हवेच्या आधारानं पाणी ओलांडायची कल्पना तशी फार जुनी आहे. फुगवलेल्या कातड्यावर पोहत नदी पार करणारे असुरांचे सैनिक इराकमधल्या सुमारे 2900 वर्षांपूर्वीच्या शिल्पांत कोरलेले आहेत. आपल्याकडे दोन वाळके भोपळे एकत्र बांधून त्यांच्यावर छाती टेकवून पोहत. त्याला म्हणायचं सांगड. दोन होड्या एकमेकींना बांधल्या तरी ती सांगडच. 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण सभा-भाषणांत वापरतो, पण त्याचं मूळ असं नदीच्या पाण्यात आहे. तुंगभद्रेवर वेताची गोल टोपली वापरतात आणि कोल्हापूरकडच्या गावांत पुराच्या वेळी गुऱ्हाळाची काहील पाण्यात उतरते. ट्रॅक्टरच्या चाकाची इनर तर आपल्या पोरांची हक्काची नाव! या सगळ्या साधनांत एक गोष्ट समान होती. त्यांत वीज नव्हती. म्हणून बिघडायलाही काही नव्हतं.

आजच्या रबरी बोटीत दिवा असतो, आत आलेलं पाणी उपसणारा छोटा पंप असतो, मोबाईल आणि वायरलेस चार्ज करायची सोय असते, इंजिनाला स्टार्टर असतो, कुठे कुठे तर इंजिनाऐवजी बॅटरीवरची मोटरच असते. म्हणजे हवेच्या पिशवीवर आपण एक छोटं वीजघर ठेवलेलं असतं. या दोघांची नीट सांगड घातली नाही तर काय होतं, त्याचा अनुभव आमच्या घरातच आहे.

ऑगस्ट 2019. आमच्या सौ.ची चिगव्वा, म्हणजे धाकटी मावशी, कृष्णाकाठच्या एका खेड्यात राहते. तेव्हा तिचं वय सत्तरच्या घरात. पाणी अंगणात आलं तरी म्हातारी हलेना. शेवटी रात्री दहाच्या सुमारास बाहेरून आलेल्या एका रबरी बोटीत तिला आणि शेजारच्या सहा जणांना बसवलं. अर्ध्या वाटेत दिवा गेला. पाठोपाठ पंपही बंद पडला. समोर ऊस बुडालेला, मध्ये विजेच्या खांबांच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली, आणि अंधार असा की शेजारी बसलेला माणूस दिसेना. बोटीवरच्या पोरांनी प्रसंगावधान राखून एका मोठ्या वडाच्या फांदीला बोट बांधली आणि उजाडेपर्यंत सगळे तिथेच बसून राहिले. घोट्यापर्यंत पाणी, हातात एका मोबाईलचा उजेड, तोही पुरवून पुरवून वापरायचा. दुसऱ्या दिवशी कळलं, बॅटरी उत्तम होती, बल्बही चांगला होता. तळाच्या फळीखाली वायर चेपून तिचं वरचं आवरण फाटलं होतं आणि नुसती पिळून टेप गुंडाळलेला एक जॉइंट हिरवा पडून तुटला होता. चार रुपयांचं काम, पण त्यापायी आठ-दहा जीव रात्रभर टांगणीला लागले.

चिगव्वा नंतर म्हणाली, "नीरिगे अंजलिल्ल, कत्तलिगे अंजिदे." पाण्याला नाही भ्याले, अंधाराला भ्याले.

हे सगळं पुन्हा आठवायला कारण झालं भोपाळचं. एका चर्चासत्राच्या निमित्तानं तिथे जाणं झालं. आपल्या भागातून गोवा एक्सप्रेसनं थेट जाता येतं. भोपाळ हे तळ्यांचं गाव. कन्नडमध्ये ज्याला आपण केरे म्हणतो तसल्या एका अवाढव्य केरेभोवती वसलेलं. मोठा तलाव राजा भोजानं अकराव्या शतकात बांधून घेतला असं मानतात. छोटा तलाव 1794 च्या सुमाराचा, नबाबाचे मंत्री छोटे खाँ यांच्या काळातला. दोन्ही मिळून 'भोज पाणथळ' म्हणून 2002 साली रामसर यादीत गेले, क्षेत्र 3201 हेक्टर. शहराच्या मोठ्या भागाचं पिण्याचं पाणी मोठ्या तलावातून येतं. म्हणूनच 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं या पाण्यातल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला. डिझेलचा तवंग आणि पिण्याचं पाणी यांची सांगड कशी घालणार? वल्ही किंवा वीज, हाच पुढचा रस्ता दिसतो. म्हणजे बोटीतल्या वायरीचं महत्त्व वाढणारच आहे.

याच भोपाळात 1956 मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स हा प्रचंड सरकारी उद्योग स्थापन झाला, जो पुढे भेल म्हणून ओळखला जाऊ लागला. धरणांवरची जनित्रं आणि घराएवढे ट्रान्सफॉर्मर बनवणारं हे गाव. तिथल्या तलावाजवळच्या एका गल्लीत मला साठीच्या पुढचे एक मिस्त्री भेटले. कडुलिंबाखाली चार मीटर लांबीची एक रबरी बोट पसरून ते तिची वायरिंग नव्यानं करत होते. पावसाळ्याआधी ती नर्मदापुरमला जायची होती, नर्मदेच्या पुराच्या कामासाठी. मी चौकशी केली, "चाचा, बारा व्होल्टची तर बॅटरी. तिला एवढं काय सांभाळायचं?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "करंट नईं मारता खाँ, आग मारता है."

या एका वाक्यात निम्मं शास्त्र आलं. बारा व्होल्टनं माणसाला झटका सहसा जाणवत नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण गाडीची साधी बॅटरीसुद्धा, तिची दोन टोकं एकमेकांना चिकटली तर, क्षणभरात शेकडो अँपिअर ओतू शकते. चुकून पान्हा टेकला तर पान्हा लाल होतो. लोखंडी ट्रॉलीत अशी वायर जळली तर वास येतो, धूर येतो, आपण गाडी थांबवतो. रबरी बोटीत ती वायर हवेच्या नळीला टेकलेली असते. ती नळी वितळली की नाव जाते. शेजारी पेट्रोलची टाकी असेल तर पुढचं बोलायलाच नको.

म्हणून चाचांचा पहिला नियम फ्यूजचा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बोटबांधणीच्या अमेरिकन मानकात हे अंतर साधारणपणे सात इंचांच्या आत सांगितलं आहे. कारण उघड आहे. फ्यूज मोटरीपाशी लावला तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर बेवारशी राहते. तिथे ती घासली तर वाचवणारं कोणी नाही. आणि फ्यूज निवडायचा तो वायरीची ताकद बघून. वायर पातळ आणि फ्यूज दणकट असला की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

दुसरा नियम घासण्याचा. लाकडी किंवा लोखंडी नावेला आपण क्लिपा ठोकतो, स्क्रू पिळतो. रबरी बोटीत ते चालत नाही. मग वायर बांधायची कशाला? चाचा बोटीच्याच कापडाचे चार बोटं रुंद तुकडे कापून ते नळीच्या आतल्या बाजूला खिशासारखे चिकटवत होते आणि त्यांच्यातून वायर ओवत होते. पीव्हीसीच्या बोटीला पीव्हीसीचा डिंक आणि हायपॅलॉनच्या बोटीला त्याचा दोन भागांचा वेगळा डिंक. याचा त्याला लावला तर पहिल्याच उन्हात पट्टी सुटते. खिशातून जाणारी वायरसुद्धा उघडी नाही, ती लवचिक नालीदार पाइपात घातलेली. पाइप नसेल तर बागेच्या पाण्याची जुनी नळी उभी चिरून तिच्यात वायर बसवली तरी चालतं. वायरीला दर अठरा इंचांच्या आत आधार हवा, म्हणजे दीड फूट. त्याहून लांब सोडली की ती लोंबते, पायात येते.

प्लास्टिकच्या केबल टायबद्दल चाचांचा विशेष राग. टाय घट्ट ओढून तिरपा कापला की त्याचं टोक ब्लेडसारखं होतं आणि तेच हळूहळू नळी कापतं. त्यापेक्षा वेल्क्रोची पट्टी बरी. टाय वापरलाच तर टोक मुळापासून सपाट कापायचं आणि गाठीचं तोंड नळीपासून लांब फिरवायचं.

तिसरा नियम ढिलाईचा. आपल्याला वायर ताणून, रेघ मारल्यासारखी बसवलेली आवडते. पण रबरी बोट सतत हलते. दुपारी उन्हात नळी फुगते, थंड पाण्यात आकसते, लाटेवर मधे वाकते. ताणलेली वायर अशा वेळी जोडापाशी उपटते. म्हणून प्रत्येक टोकाला थोडी सैल वायर सोडायची. शिवाय जोडाजवळ ती आधी खाली झोका घेऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं, जोडात शिरत नाही. आपल्या घरांत मीटरच्या खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अशीच खाली झोका घेऊन आत येते. पुढच्या वेळी घरी जाताना वर मान करून बघा.

चौथा नियम जोडांचा. पिळून टेप गुंडाळलेला जॉइंट म्हणजे बोटीतला फितूर. टेपचा डिंक पाण्यानं सुटतो, ओल आत शिरते आणि तांबं हिरवं पडत पडत आवरणाच्या आतून पुढे जातं. बाहेरून वायर धडधाकट, आत मात्र भुसा. यासाठी बारीक तारांची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यावी. एकेरी जाड तारेची घरगुती वायर हलत्या बोटीत मोडते. जोड करताना योग्य मापाची थिंबल दाबयंत्रानं दाबून बसवायची आणि तिच्यावर आतून डिंक असलेली, गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवायची. नुसतं सोल्डर केलं तर तिथे तार ताठ होते आणि हादऱ्यानं नेमकी त्याच कडेला तुटते. आणि मुख्य गोष्ट, तळाच्या पाण्यात एकही जोड नको. जोड असतील ते वर, मागच्या फळीजवळ. फळीला भोक पाडून वायर नेली असेल तर भोकाच्या कडेला रबराचं कडं हवंच.

पाचवा नियम जाडीचा. इथे माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी कागदावर हिशेब मांडला. समजा बॅटरी पुढे आहे आणि मोटर मागे, चार मीटरवर. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे वायर आठ मीटर. मोटर 30 अँपिअर ओढते. घरातल्या प्लगला वापरतो ती 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घातली तर वाटेतच सुमारे 1.7 व्होल्ट खर्च होतात. बारातले दहाच्या वरचे थोडेसे मोटरीपर्यंत पोहोचतात आणि वायरीत पन्नास वॅटची उष्णता तयार होते. तीच वायर 10 चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान 0.4 व्होल्टवर येतं. 230 व्होल्टच्या घरात दीड-दोन व्होल्ट गेले तर कळतही नाही. बारामध्ये मात्र तो सातवा हिस्सा असतो. पुराच्या ओढीत मोटर ऐनवेळी कमजोर का पडते, त्याचं एक उत्तर या कागदावर आहे.

बॅटरीचं काय? ती झाकणाच्या, पण हवा जाणाऱ्या पेटीत पट्ट्यानं आवळलेली हवी, कारण ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बोट कलली तरी ती जागची हलता कामा नये. टोकांवर रबरी टोप्या हव्यात. पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधीच, स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून घ्यावी, म्हणजे कोणी घाईत मुख्य स्विच बंद केला तरी पंप चालू राहतो. इंजिनाला चालकाच्या मनगटाशी जोडणारी दोरी असते. चालक पाण्यात पडला की दोरी निघून इंजिन थांबतं. तीही वायरिंगचाच भाग समजून दर वेळी ओढून पाहावी. सगळी वायरिंग एका झुपक्यासारखी, पाण्याला न जुमानणाऱ्या प्लगांवर सुटी करता यावी. कारण पावसाळा संपला की बोट गुंडाळून गोदामात जाते आणि तिथे दुसरा शत्रू वाट बघत असतो, उंदीर!

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बोटीच्या दुर्घटनांमध्ये वायर हे पहिलं कारण नसतं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून 17 जणांचा जीव गेला. बोटीत माणसं झेपण्यापेक्षा जास्त होती. त्यानंतर महिनाभरानं, 13 सप्टेंबरच्या पहाटे, भोपाळच्या छोट्या तलावात खटलापुरा घाटावर गणेश विसर्जनाच्या वेळी 11 तरुण बुडाले. ते भेलच्या परिसरातल्या पिपलानी भागातले होते. बांधलेल्या दोन होड्यांवर मोठी मूर्ती आणि माणसं, अंगावर लाइफ जॅकेट नाही. सांगडच, पण भार न मोजता घातलेली. तेव्हा क्रम लक्षात असू द्या. आधी माणसांची संख्या, मग लाइफ जॅकेट, मग हवा, मग वायर. पण वायर शेवटी आहे म्हणजे ती वगळायची असं नाही. पहिल्या तिन्ही गोष्टी बरोबर असूनही माणसं अंधारात अडकतात, हे चिगव्वानं अनुभवलं आहे.

हे काम कोणाचं? कागदोपत्री यंत्रणेचं. पण बोट आपल्या दारात येते तेव्हा तिच्यात आपली माणसं बसतात. आपल्या प्रत्येक मोठ्या गावात ट्रॅक्टरची, मोटारसायकलची वायरिंग करणारा एक तरी हुशार पोरगा आहे. आयटीआयची मुलं आहेत, कॉलेजात एनएसएस आहे. ग्रामपंचायतीकडे किंवा तरुण मंडळाकडे बोट असेल तर मे महिन्यातला एक रविवार तिच्यासाठी काढावा. बोट उन्हात पसरावी. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढून पाहावी, कुठे खरखर लागते, कुठे ताठ झाली आहे, कुठे हिरवी बुरशी दिसते ते बघावं. जोड हलकेच ओढून पाहावेत. दिवा आणि पंप लावून, बोट हातांनी हलवावी, वाकवावी. दिवा मिचकला तर दोष सापडलाच म्हणायचं. पाण्यात उतरवायची चाचणी यानंतर. आणि हे सगळं झाल्यावर एक चाचणी रात्री घ्यावी, कारण पूर घड्याळ बघून येत नाही.

गणेश मंडळांनीही याकडे लक्ष द्यावं. विसर्जनाच्या तराफ्यावर आपण दिव्यांच्या माळा सोडतो, जनरेटर चढवतो. तिथे तर बारा नव्हे, 230 व्होल्ट असतात, आणि भोवती पाणी. ओल्या तराफ्यावर घरगुती वीज नेऊच नये. काठावरून उजेड पाडावा किंवा बॅटरीवरचे दिवे वापरावेत.

मराठीत आपण म्हणतो, बैल गेला आणि झोपा केला. कन्नडमध्ये म्हणतात, 'कोळ्ळे होडेद मेले कोटे बागिलु हाकिदरु', गाव लुटलं गेल्यावर किल्ल्याचं दार लावलं. दोन भाषा, दोन म्हणी, शहाणपण एकच. आपल्याकडे तर दोन्ही म्हणी तोंडपाठ असलेली घरं आहेत. निदान त्यांनी तरी यंदा दार वेळेवर लावावं. येत्या रविवारी जमत असेल तर आपल्या गावातली बोट कुठे ठेवली आहे एवढं तरी विचारून या. किल्ली कोणाकडे आहे ते कळलं तरी पुष्कळ झालं. पुढचं काम गावातला वायरमन दोन तासांत करील.